मोजणीपुरतं पुस्तक

कीर्तीनं शिक्का पॅडवर दाबला, एक्कावन्नावं पान उघडलं आणि हात तसाच अधांतरी राहिला. त्या पानावर शिक्का आधीच होता. याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा, फिकट जांभळा.

पहिली पानं फाडली तरी पुस्तक कुणाचं ते कळावं, म्हणून इथल्या प्रत्येक पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या पानावर शिक्का असतो. पण हे पुस्तक तिच्या वडिलांच्या खोक्यातलं होतं. त्यांनी, म्हणजे रावसाहेब सरांनी, इथंच तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. जानेवारीत ते गेले. यंदा एम.एस्सी. सुरू होणार म्हणून भौतिकशास्त्राचं दालन नव्यानं उभं करायचं होतं. ग्रंथपाल कीर्तीनं घरच्या पुस्तकांची पाच खोकी देणगी म्हणून आणली. एक तरी ठेव गं, असं आई म्हणाली होती. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं प्रकाशशास्त्राचं हे जाड पुस्तक तिनं सकाळीच बाजूला काढलं होतं. हाताच्या सवयीनं तेही शिक्क्याखाली आलं.

तिनं नोंदवही काढली. क्रमांक चार हजार तीनशे बारा. एकच प्रत. शेरा, पानावरच्या शिक्क्याखाली होता तोच : संदर्भ ग्रंथ, घरी देऊ नये. दर मे महिन्यात होणाऱ्या पुस्तकांच्या मोजणीची टिक मात्र बिनचूक, गेल्या वर्षापर्यंत.

"धुळाप्पामामा, जरा इकडं या."

धुळाप्पा ग्रंथालयाचे जुने शिपाई, येत्या जूनला निवृत्त होणारे. ते शिडीवरून उतरले, पुस्तक पाहिलं आणि स्टुलावर बसले.

"गावलं म्हणा की."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सर मोजणीला आणायचे. मोजणी झाली की न्यायचे."

"आणि तुम्ही टिक मारायचात."

"मोजणीच्या दिवशी पुस्तक जाग्यावर होतं की, ताई. खोटी टिक कदी मारली न्हाय."

कीर्तीला हसू आलं. तिनं ते ओठांत धरलं.

"घरी न द्यायचा हा नियम कुणाचा?"

"सरांचाच. एकच प्रत, हरवली तर पोरांनी काय वाचायचं, म्हणून. मग कळलं, होटगी, कुंभारी गावची पोरं कामावरनं सुटंपर्यंत हितं कुलूप पडतंय. नियम मोडवंना आन् पोरं बघवंनात. मग हे असं."

घराच्या व्हरांड्यात संध्याकाळी वाचत बसणारी ती मुलं कीर्तीला आठवली. सर निवृत्त झाले तरी ती येतच राहिली होती.

"बाबा गेल्यावर तुम्ही घरी तीनदा आलात, मामा."

"सरांसाठीच आलो." धुळाप्पा फरशीकडं बघत राहिले. "कपाटात हे दिसतंय का, ते बी बघत होतो. पर मयताच्या घरात इचारायचं कसं? आन् आज मोजणीत एक कमी आलं असतं, तर सरांचं नाव मी कुणाला सांगणार होतो?"

कीर्तीनं कव्हरवरून हात फिरवला. पाच खोक्यांतलं तिला हवं होतं ते हे एकच, आणि तिचं नव्हतं तेही हे एकच.

दुपारी त्यांनी भौतिकशास्त्राची कपाटं मोजायला घेतली. ती क्रमांक वाचत होती.

"चार हजार तीनशे बारा."

"हाय," धुळाप्पा म्हणाले. टिक मारताना कीर्तीचं पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

"आता न्या की घरी," थोड्या वेळानं ते म्हणाले. "नव्या पाच प्रती यायच्यात. हे जुनं नोंदीतनं रद्दच हुईल."

"जुलैत येतील त्या."

तरीही तिनं पुस्तक फळीवरून काढलं आणि टेबलावर आपल्या पर्सशेजारी ठेवलं.

पावणेपाचला संस्कृती धापा टाकत आली. तिसऱ्या वर्षाची मुलगी, दिवसा चादरीच्या दुकानात काम करणारी.

"मॅडम, प्रकाशाच्या ध्रुवीभवनाचं काही मिळेल? नोट्समध्ये नुसत्या आकृत्याच आहेत. सोमवारी पेपर आहे."

"पाचला बंद होतं गं."

"माहितीये. दुकानातनं आत्ता सोडलं. पानांचे फोटो तरी काढते."

कीर्तीनं पर्सकडं पाहिलं.

"खोलीवर किती जणी आहात?"

"चौघी. तिघींचा हाच पेपर."

कीर्तीनं पुस्तक पुढं सरकवलं. संस्कृतीनं ते चाळलं, शिक्क्याखालचा शेरा वाचला आणि चाचरली.

"मॅडम, हे घरी देत नाहीत."

कीर्तीनं कव्हरची सुटलेली कड आत दुमडली आणि पुस्तक उचलून मुलीच्या हातात दिलं.

धुळाप्पा उठले आणि पार पलीकडच्या टोकाच्या खिडक्या लावायला गेले.