बिशपची शेवटची घंटा

मी एक जुनी काशाची घंटा आहे, मित्रांनो, आणि परवा मला वितळवणार आहेत. म्हणून थोडक्यात सांगते.

फिरंग्यांच्या एका किनारी किल्ल्यात बिशप दोम जेरोनिमो यांनी मला सहा बहिणींसह ओतून घेतलं. बिशप म्हणजे तिथले मोठे धर्मगुरू. पुढे मराठ्यांचा वेढा पडला. बिशपनी आपले भरजरी झगे फाडून जखमींना पट्ट्या केल्या. तोफांना धातू कमी पडला, तेव्हा माझी एकेक बहीण आशीर्वाद देऊन भट्टीत धाडली. तोफा होऊन त्या माणसं मारू लागल्या. आशीर्वाद पक्का होता.

शेवटी कप्तान माझ्यासाठी आला.

"ही राहू दे," बिशप म्हणाले. "मेलेल्यांसाठी कोण वाजेल?"

"जिवंत आहेत त्यांचं बघा, महाराज."

तेवढ्यापुरती मी राहिले. मग तापाची साथ आली. घंटा वाजवणाराही त्यात गेला. बिशप दुखऱ्या गुडघ्यांनी मनोरा चढून स्वतः दोर ओढू लागले. माझ्या आवाजानं आजारी माणसं धीर सोडतात असं कळल्यावर तेही थांबले. मला वितळवायच्या कागदावर त्यांनी सही केली आणि त्याच तापात गेले. त्यांच्यासाठी मला कुणी वाजवलं नाही. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मी वाचले ती दयेनं नव्हे, उशिरानं.

जिंकणाऱ्यांनी मला रत्नागिरीजवळ, हातखंबा गावापलीकडच्या एका देवळात आणून टांगलं. तिथं जवळजवळ अडीचशे वर्षं गाऱ्हाणी ऐकली. यंदा, १९८४च्या शिमग्यात, मला तडा गेला.

"वितळवून नवी ओतू," मुंबईकर मंडळाचे दत्ताराम म्हणाले.

कमळाआजी उसळली, "तुझा गिरणीचा भोंगा दोन वर्सं बंद, म्हणून आता देवाच्या घंटेवर आलास होय रे?"

गुरव काशीराम म्हणाला, "कौल लावूया."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली की होकार. मंडळानं नुकताच गाभाऱ्यात विजेचा पंखा बसवला होता आणि तो जोरात फिरत होता. काशीरामचं गाऱ्हाणं निम्म्यावर असतानाच उजवी पाकळी उडाली.

"देव इतक्या लवकर कधी बोलला नव्हता!" दत्ताराम हात जोडून म्हणाले.

"पंखा बंद कर नि परत लाव," कमळाआजी म्हणाली.

"देवाला दोनदा विचारतात काय गो आजी?"

सगळ्यांनी नमस्कार केला. आता मी रत्नागिरीत ओतकाम करणाऱ्याच्या अंगणात पडले आहे.

मित्रांनो, जुनं ते सगळं जपा, असं मी म्हणत नाही. आम्ही जड असतो, जागाही अडवतो. पण कुणाला भट्टीत घालण्यापूर्वी पंखा तेवढा बंद करत जा.