मढचा खुंट

चेतना तायडेच्या आईच्या अंगणात, वाशीमकडच्या काळ्या मातीत, एक गावठी गुलाब होता. गडद गुलाबी, गुलकंदाच्या वासाचा. तो मालाडच्या आपल्या गॅलरीत फुलवायचाच, असं चेतनानं ठरवलं होतं आणि ती दोनदा तोंडघशी पडली होती. पहिली फांदी नर्सरीच्या लाल मातीत वाळली. गुलाबाला आपली माती हवी असेल, म्हणून दुसऱ्या खेपेला तिनं गावाहून पिशवीभर काळी माती आणली. पावसाळ्यात त्या मातीचा कुंडीत नुसता गोळा झाला, पाणी तुंबलं आणि मुळं कुजली. प्रेमानं आणलेल्या मातीनंच घात केला, याचं तिला फार वाईट वाटलं.

मग एके सकाळी बाजारात बोंबील घेताना तिचं लक्ष मासळीवाल्या रत्नप्रभा मावशींच्या अंबाड्याकडे गेलं. ताजा लालभडक गुलाब.

"मावशी, फूल कुठून घेतलं?"

"घेतेय कशाला? घरचा हाय."

"मढला? समुद्राकाठी गुलाब?"

"मग काय खोटं बोलते मी? ये बघायला, बाय."

चेतना रविवार उजाडताच बसनं मढला गेली. मावशींच्या दारात, मासळीच्या जुन्या थर्माकोलच्या खोक्यात, कमरेइतकं झाड उभं होतं. तळाला भोकं, त्यावर नारळाची सोडणं, मग वाळू मिसळलेली माती.

"मासे धुतलेलं पाणी घालता?"

"येडी काय! खाऱ्यानं जळंल ते. गोडं पाणीच घालते, तेपण जपून."

चेतना खाली वाकली. वरच्या फांद्यांना एकेका देठावर पाच-पाच पानं होती, पण बुंध्यातून फुटलेल्या फांद्यांना सात-सात, बारीक. खोडावर एक गाठही होती.

"मावशी, ही दोन झाडं आहेत! खाली रानगुलाब, वर हा लाल. कलम आहे."

"खरंच की काय? मी खालचं मोडून फेकते. त्याला फूल येत नाय."

दोघी बराच वेळ त्या गाठीवर बोट फिरवत राहिल्या. खारा वारा सोसत होता तो रानातला खुंट, कलमाचा खालचा भाग. मग गावच्या आईच्या गुलाबाचं कलमही त्याच्यावर केलं तर, चेतनानं विचारलं. मावशींनी लगेच खुरपं आणलं आणि एक जाडसा फुटवा मुळासकट काढून दिला. दुसरा तसाच ठेवला. "हितंपण करून बघ," त्या म्हणाल्या.

थंडीत चेतना गावी जाऊन आली. ओल्या फडक्यात गुंडाळून आईच्या झाडाच्या काड्या आणल्या. मोबाईलवर बघून बघून ब्लेडनं खुंटाची साल चिरली, काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, आत बसवला, पट्टी बांधली. पहिले डोळे काळे पडले. नंतरचे धरले: एक गॅलरीत, एक मढला.

होळीच्या सुमारास गॅलरीत फूल आलं. नेमकी तेव्हा आई, सुंदराबाई, मुंबईत आली होती. तिनं फूल नाकाशी धरलं.

"वास आपलाच हाय वं. पण इतका फिका काहून?"

चेतनालाही तेच कळत नव्हतं. माती? हवा? पाणी? ती आईला घेऊन मढला गेली.

तिथं एकाच झाडावर एका बाजूला लाल फुलं आणि दुसऱ्या बाजूला आईचा गुलाब, गावाकडच्यासारखाच गडद.

"अगं, हे तर आपलं!" आई म्हणाली.

चेतनानं वर पाहिलं. मावशींच्या दारावर ना झाड, ना छप्पर. दिवसभर ऊन. तिच्या गॅलरीत ते सकाळी डोकावून जायचं, बस्स.

"म्हणजे उन्हाचं काम!" ती म्हणाली. "कुंडी गच्चीवर नेते. सोसायटीला विचारते."

पण तिचं कुणी ऐकतच नव्हतं. आई रत्नप्रभाबाईंना गुलकंद कसा घालायचा ते सांगत होती, आणि मावशी मध्येच विचारत होत्या, "आमच्या लालचा चालंल काय गं त्याला?"

"वास नसन त्याले," आई म्हणाली. "पन घालून तर पाहू."