काचेला सरळ

केनियातल्या किलिफीच्या खाडीवरच्या त्या शेडमध्ये शोभेचे मासे फोटोवर विकले जात. समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक फोटो बघायचं, बोट ठेवायचं, आणि नेमका तोच मासा पिशवीत बसून विमानानं जायचा. ज्याचा फोटो हलला, तो टाकीतच पडून राहायचा.

फोटो काढायला दोघी होत्या. म्बोद्झे वर्षभर जुनी, न्येवू पंधरा दिवसांची. शनिवारनंतर एकच राहणार होती. मॅनेजर काइंगूनं हे दोघींना शेजारी उभं करून सांगितलं होतं. "मांजरी दोन, मासा एक. बघू कोण कुणाला ओरबाडतं."

म्बोद्झेला घरी कसावा सोलत बसायचं नव्हतं. सासूचं ठरलेलंच होतं, "ये शनिवारी. कोयत्याला धार लावून ठेवते."

शुक्रवारी सकाळी न्येवूनं तिला फोटोबद्दल विचारलं. त्या बोलण्याचेही तीन फोटो निघतात.

*हललेला*

न्येवूनं विचारलं, म्बोद्झेनं सांगितलं, सांगता सांगता एक गोष्ट राहून गेली. माणूस आहे, राहतं.

हा हलला. पुसा.

*तिरका*

काचेला तिरकं उभं राहिलं की मासा ओढल्यासारखा लांबट येतो. तसं तिरकं बघितलं तर असं, की पंपांची घरघर होती, न्येवूचं अर्धं लक्ष डब्यात होतं, म्बोद्झे बोलली पण तिला ऐकू गेलं नाही. म्बोद्झे पुढे सगळ्यांना हेच सांगायची.

हाही पुसा.

*सरळ*

"ए बये, तुझे फोटो इतके स्वच्छ कसे गं?" न्येवू म्हणाली. "टाकीतलं पोवळं माझ्या फोटोत नुसतं भुरभुरतं. म्हातारीच्या केसांसारखं."

"काच पुसतेस का? मीठ धरतं."

"पुसते की."

"खोलीतले दिवे घालव. कमरेचा काळा कांगा सोड नि डोक्यावरून घे, नाहीतर काचेत तुझंच थोबाड येतं. त्याला गिऱ्हाईक नाही."

न्येवू पोट धरून हसली. "आणि सगळं निळंजांभळं येतं त्याचं काय?"

"टाकीवरचा दिवाच निळा, मग काय येणार? टॉफीचा पिवळा कागद धर भिंगावर."

"आणि पाणी हलतं त्याचं?"

म्बोद्झेच्या तोंडात नारळाच्या दुधातली तूर होती. न्येवूनंच आणलेली. ती तिनं सावकाश चावली, गिळली.

"पंप बंद करायचा. हवेचासुद्धा. मग घाई नाही करायची. पोवळं उमलायला वेळ लागतो. तासभर बस."

"तासभर? आणि मासे?"

"मासे पाण्यातच असतात, बये. त्यांना काय धाड भरलीय?"

म्बोद्झे स्वतः पंप बंद करायची तेव्हा पन्नास आकडे मोजायची आणि लगेच चालू करायची.

*दुपार*

टाकीत अकरा मासे होते, पाणी कोमट. न्येवू कांग्याखाली बसली. थोड्या वेळानं मासे वर आले, तोंडं उघडू-मिटू लागले.

"बघ गं, माझ्याकडे येतायत!"

म्बोद्झे शेजारची टाकी पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, "लळा लागला तुझा त्यांना."

मग ते दमून खाली आले, पोवळ्याच्या कडेला टेकले आणि हलेनासे झाले. न्येवूनं भराभर फोटो काढले. एवढे शहाण्यासारखे बसलेले मासे तिनं कधी पाहिले नव्हते.

अकरातले नऊ मेले. काइंगूनं जाळीनं एकेक काढून तिच्या ओंजळीत ठेवला. ओंजळ भरली तरी ठेवत राहिला. "घरी ने. नारळात शिजव. फोटो काढून पाठव मला."

जाताना न्येवूनं म्बोद्झेचा हात धरला. तिच्या हाताला खवले चिकटले होते. "तू सगळं नीट सांगितलं होतंस गं. मीच काहीतरी विसरले."

"असेल," म्बोद्झे म्हणाली.

*सोमवार*

न्येवूचे फोटो पुसायचे राहिले होते, ते तसेच गिऱ्हाइकांकडे गेले. उत्तरं दुपारपर्यंत आली. खवला न् खवला मोजता येतो! डोळ्यात पोवळ्याची सावली दिसते! असेच हवेत, सगळे असेच.

काइंगूनं म्बोद्झेला बोलावलं. "ती कसं करायची?"

"मला काय माहीत, ब्वाना."

"मग तिला बोलावतो. तिला माहीत असेल."

म्बोद्झेनं सांगितलं. पंप, हवा, तासभर. हे आपल्याला कसं ठाऊक, तेही त्यात उघडं पडलं. काइंगूला हसू फुटलं.

"बाई, तू तर शार्क निघालीस. पण तासभर नको, मरतात. मरायच्या अलीकडे थांबायचं. किती अलीकडे, ते तू शोध."

तिनं बादशहा मासा टाकीत सोडला. निळा, पिवळ्या पट्ट्यांचा. पंप बंद केला, कांगा घेतला, भिंग काचेला सरळ लावलं, नेम माशाच्या डोळ्यावर धरला. काइंगू स्टूल घेऊन मागेच बसला.

मासा वर गेला. तोंड उघडलं. खाली आला. एका कुशीवर झुकला.

"काढू?"

"अजून."

कल्ला एकदा उघडला. बऱ्याच वेळानं पुन्हा उघडला.

"ब्वाना, काढते."

"अजून," काइंगू म्हणाला. "अजून हलतोय."