गाळलेली शून्ये

‘मेंढ्यांच्या लसीकरणाच्या एकोणीस नोंदी ऑपरेटर दानम्मा यांच्या निष्काळजीपणामुळे चुकल्या, सबब त्यांना सोमवारपासून कामावरून कमी करण्यात येत आहे.’

प्रोग्रामिंग विभागाचे प्रमुख शहाजीसर यांच्या सहीचे हे पत्र त्यांच्याच विभागातल्या प्रियंकाने संगणकाला टेकवून उभे केले आणि ती दानम्मांचे कागदी फॉर्म उलटू लागली.

निष्काळजीपणा शोधूनही सापडेना. मंद्रूपच्या मेंढपाळ बिरुदेवाच्या प्रत्येक मेंढीच्या कानातला बिल्ला निळ्या शाईत नीट उतरला होता: ००४१२, ००४१३. संगणकात मात्र ४१२, ४१३. आणि त्या क्रमांकांच्या मेंढ्या मोहोळच्या कुणाच्या तरी होत्या.

“मी तर शून्यं मोठ्यानं वाचत हुते,” शेजारी उभ्या दानम्मा म्हणाल्या. “बिरुदेव हसायचा. म्हणायचा, मावशे, शून्य लावून लोकर वाढतीया व्हय?”

पीएचपी ही प्रोग्रामची भाषा मोठ्या मनाची. आकडा मागणाऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्याला, ००४१२ असा मजकूर दिला, तरी ती कुरकुरत नाही. मजकुराचा मुकाट आकडा करते आणि सुरुवातीची शून्ये गिळते. असल्या औदार्याची किंमत नेहमी दुसऱ्याने मोजायची असते.

प्रोग्राम न चालवता केवळ वाचून चुका दाखवणारा तपासनीस प्रियंकाने सुरू केला. ‘एकही चूक नाही,’ त्याने रोजचेच उत्तर दिले. मग तिचे लक्ष एका जुन्या यादीकडे गेले: तपासनिसाने कशाकडे दुर्लक्ष करावे, याची यादी. ती बाजूला काढून तिने पुन्हा तपासणी लावली.

‘ओळ २१८, बिल्ला-नोंद: पहिल्या जागी आकडा अपेक्षित, मजकूर दिला आहे.’

यादी कोणी केली, याचीही नोंद होती. प्रियंकाने शहाजीसरांना बोलावले आणि स्वतः खुर्चीवरून उठली.

त्यांनी ती ओळ वाचली, यादीखालचे नाव वाचले. मग आपलेच पत्र उचलून, पालथे करून ते कोऱ्या बाजूवर लिहायला बसले.

“लई उपकार झालं, पोरी,” दानम्मांनी तिचा हात धरला.

“माझे कसले? तपासनिसाचे.”

“मग त्येला बी सांग की. जेवत आसता तर भाकरी आणली आसती.”

डोळे टिपून दानम्मांनी सरांचा लिहून झालेला कागद हाती घेतला आणि बिल्ले वाचावेत तसा, एकही अक्षर न गाळता, मोठ्याने वाचला:

‘चूक माझी आहे. तपासणीने ती दोन वर्षांपूर्वीच दाखवली होती. मी तिला गप्प केले.’