वरणातलं मीठ

माझ्या जिभेला आमच्या घरात सगळे वचकून असतात. वरणात चिमूटभर मीठ कमी पडलं तरी मला पहिल्या घासाला कळतं, आणि कळलं की मी गप्प बसत नाही. सून विशाखा वैजापूरहून लग्न होऊन मुकुंदवाडीत आली, तेव्हापासून तिच्या वरणाचं आणि माझं जमलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. कॅन्सर निघाला. स्तन काढला, टाके सुकले, मग केमो सुरू झाली. केस गेले त्याचं एवढं वाटलं नाही, रुमाल बांधला की झालं. आरशात छातीकडे पाहून मात्र बऱ्याचदा रडले. पण खरी धास्ती बसली ती चव गेल्यावर. भाकरी मातीसारखी लागायची, चहा लोखंडासारखा. मला वाटायला लागलं, जीभ गेली, आता तिच्यामागं मीही जाणार.

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. नुसती मुकाट जेवायला लागले, तर घर हादरलं. आमचे यजमान, कडुबा, स्वयंपाकघरात विशाखाला हळूच म्हणाले, "आज बी काय बोलली नाय ती. लक्षण बरं नाय."

माझ्या कानावर पडलंच. दुसऱ्या दिवशी घास घेतला आणि ठोकून दिलं, "विशाखा, मीठ कमी हाय."

पोरीचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पळत जाऊन मीठ घेऊन आली. मग काय, मी रोजच म्हणायला लागले. मला काही कळत नव्हतं, पण त्यांना धीर येत होता.

शेवटच्या केमोला गेले तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर खुलताबादच्या ताहेराबी भेटल्या. त्यांचं सगळं उरकून वर्ष झालं होतं, तपासणीला आल्या होत्या. ओळख ना पाळख, पण त्यांना मी खरं सांगून टाकलं.

"मेरी जबान बी ऐसीच मर गई थी," त्या म्हणाल्या. "आती, आती. सबसे पहले नमक आता."

मी मान हलवली. विश्वास काही बसला नाही.

मग रेडिएशन झालं. डोक्यावर बारीक केस दिसायला लागले. एका रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो. मी वरणभाताचा पहिला घास तोंडात घातला आणि जीभ आकसली. इतकं खारट की डोळ्यांत पाणी आलं.

मी मान वर केली. कडुबा घासागणिक पाणी पीत होते. मुलगा प्रणय कांद्याशी कोरडी भाकरी खात होता. विशाखा खाली मान घालून तेच वरण मुकाट गिळत होती. मी रोज कमी म्हणत गेले आणि ती रोज अख्ख्या पातेल्यात वाढवत गेली. इतके महिने हे तिघं असं जेवत होते आणि एकानंही चकार शब्द काढला नव्हता.

"विशाखा, मीठ किती टाकलंस गं? लई खारट झालंय," मी म्हणाले.

सगळ्यांचे हात थांबले.

"आई, तुला खारट लागलं?" प्रणयनं विचारलं.

"मग? इतके दिवस काय लागत व्हतं, ते मलाच ठाऊक. मी आपली अंदाजानं बोलायची."

विशाखानं पदर डोळ्यांना लावला. "मला वाटायचं, तुम्हाला असंच आवडतंय. तुमच्या पोटात दोन घास जावेत, एवढंच बघत व्हते."

"आता सांगायला हरकत नाय," कडुबा म्हणाले. "घशाखाली उतरत नव्हतं."

मला हसू आलं आणि रडूही. विशाखानं माझी वाटी उचलायला हात पुढं केला. मी ती दिली नाही. ते वरण मी बोटांनी पुसून संपवलं.