मदेराचे भुंगेरे

विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात आभार मानायचं काम प्रीतीकडे आलं, तेव्हा प्रमुख पाहुणे कोण हे तिला ठाऊक नव्हतं. ती डोंबिवलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पत्रिकेवरचं नाव वाचून तिची कानशिलं तापली. विनीतसाहेब, रंगाच्या कारखान्याचे मालक. तिचा मोठा भाऊ राकेश त्यांच्याच कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं ॲसिडच्या टाक्यांवर होता. दिवाळीनंतर कामगारांची डॉक्टरी तपासणी झाली, राकेशच्या छातीत दोष निघाला आणि ‘अनफिट’ म्हणून त्याला घरी बसवलं.

साहेबांनी आधी प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक देण्याचं जाहीर केलं. मग ते डार्विनवर आले. तो बेटाबेटांवर फिरला, तिथले पक्षी, कासवं त्याने पाहिली आणि जगाला नियम दिला, असं म्हणाले. “दमदार असेल तो टिकेल. दुबळ्याला निसर्गच बाहेर काढतो. धंद्यातही तेच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रीतीला हे बोलणं आज पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं नाही. ‘तुमची लायकी नाही’ हे तिच्या आजोबा-पणजोबांना पोथीचा हवाला देऊन ऐकवलं जायचं. आता त्यासाठी डार्विनला धरून आणलं होतं, आणि तोही तिच्या विषयातला.

ती माइकपाशी गेली. पाहुण्यांचे आभार मानले. मग थांबली नाही. डार्विनला बेटांवर दिसलं ते वेगळंच होतं, ती म्हणाली. एकाच जातकुळीचे पक्षी दर बेटावर जरा निराळे. का, तर जिथे जसं जगायचं तसं ज्याला जमलं, त्याची पिल्लं वाढली. दमदार कोण, हा प्रश्नच नव्हता.

“मदेरा नावाचं बेट आहे, वाऱ्याचं. तिथले बरेचसे भुंगेरे उडू शकत नाहीत. डार्विनने त्याचं कारण शोधलं. जे जोमाने उडायचे, त्यांना वारा समुद्रात नेऊन टाकायचा. आखूड पंखांचे जमिनीला धरून राहिले, तेच वाचले. तिथला वारा कुणी सोडला नव्हता, साहेब. तुमच्या शेडमधली वाफ कुणी सोडली? माझा भाऊ त्या वाफेत आजारी पडला. याला निसर्ग म्हणू नका.”

साहेब चहा न घेता निघून गेले. प्राचार्या मैथिली मॅडमनी लेखी माफी मागायला सांगितली. प्रीतीने नाही म्हटलं. सूक्ष्मदर्शक आले नाहीत, आणि स्टाफरूममध्ये त्याचं खापर तिच्यावर फुटलं.

घरी राकेश तिच्याहून जास्त भडकलेला होता.

“मी परवाच गेलेलो साहेबांकडे. गेटवर वॉचमनचं काम देतो बोललेले. ते पण घालवलंस.”

“ज्याने छाती जाळली, त्याच्याच गेटवर उभा राहणार होतास, दादा?”

“तुझा पगार चालू आहे. तू बोलणारच.”

ते तिला लागलं. आई, शांताबाई, दोघांच्या मध्ये पडली. पण राकेश त्यानंतर तिच्याशी बोलेना. शीळफाट्याजवळच्या एका गोदामात त्याने काम धरलं. तिथल्या धुळीने खोकला वाढला. प्रीती तो भिंतीपलीकडून ऐकायची आणि तिचा राग कमी व्हायचं नाव घ्यायचा नाही. साहेबांवरचा, टाळ्या वाजवणाऱ्यांवरचा, थोडा राकेशवरचाही.

तिच्या बोलण्याचा व्हिडिओ कुणा विद्यार्थ्याने काढला होता. तो फिरत फिरत घरी बसवलेल्या बाकीच्या कामगारांपर्यंत गेला. एका रविवारी ते राकेशला शोधत आले. कुणाला दम लागत होता, कुणाची नजर अधू झालेली. सगळ्यांच्या कागदांवर तोच एक शब्द होता, ‘अनफिट’. राकेश ते कागद एकामागून एक वाचत गेला. एकट्याच्याच अंगात खोट आहे असं इतके महिने त्याला वाटत होतं. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

ते गेल्यावर तो प्रीतीच्या दारात आला.

“उद्या कामगार कोर्टाचा वकील गाठायचाय. सोबत ये,” तो म्हणाला. “पण तिथे बोलणार मी.”