महाराजांचं तेल आणि दादाचा बर्फ

"गोठलं! गोठलं!" सभागृह दणाणलं. दहा मिनिटांपूर्वी पाण्यासारखं पातळ असलेलं खोबरेल तेल वाटीत पांढरंफेक झालं होतं. तेलवाले महाराज डोळे मिटून म्हणाले, "आजींचा मधुमेह तेलानं ओढून घेतला. आता सुया कायमच्या बंद!"

आजी म्हणजे गर्दीत उभ्या असलेल्या धाकटीची आई. गेल्या आठवड्यातही तिच्यासमोर तेल असंच गोठलं होतं. तेव्हापासून तिनं इन्सुलिन सोडलं होतं आणि पायाची जखम चिघळत चालली होती. धाकटीला पटत नव्हतं. पण आईला इथे आणणारा तिचा सख्खा भाऊ. दादा कशाला खोटं बोलेल?

आज मात्र तिला राहवेना. तिचं पार्लर होतं. एसीखालची खोबरेलाची बाटली तिथे रोज गोठायची. तिथे कोण कुणाचा रोग ओढत होतं? ती सरळ पुढे गेली आणि तिनं वाटी उचलली. वाटीखालची पितळी बैठक हाताला झोंबण्याइतकी गार!

"स्पर्श केलास! शक्ती पळाली!" महाराज ओरडले.

"पळाली नाही महाराज, वितळतेय," म्हणत तिनं बैठक उलटी केली. तिच्या पोकळीतला मीठ घातलेला बर्फ धाडकन जमिनीवर सांडला. सोबत गोणपाटाचा तुकडा पडला. त्यावर बर्फाच्या कारखान्याचा शिक्का होता. दादाच्याच कारखान्याचा.

तिनं तो तुकडा शेजारी उभ्या दादासमोर धरला. "दादा, तू?"

"अगं, लोकांना धीर मिळतो..." दादा खाली बघत पुटपुटला. "महाराज म्हणाले, स्वतःची आई आणलीस तर लोकांचा विश्वास बसेल."

"मेल्या, जन्मदाती दाखवायला आणलीस? कुंपणानंच शेत खाल्लं रे!" ती रडत रडत लोकांकडे वळली. "खोबरेल केसांना लावा, भेगाळलेल्या टाचांना लावा. जुने वैद्यही तेच सांगत आलेत. पण गारव्यानं गोठणं हा तेलाचा स्वभाव आहे, चमत्कार नाही. आणि सांगणारा आपला आहे म्हणून डोळे मिटू नका!"

तिनं आईला तशीच दवाखान्यात नेलं. "अजून दोन दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता," डॉक्टर म्हणाले.

आई घरी आली. इतकी वर्षं तिला इंजेक्शन दादाच द्यायचा. त्या सकाळीही तो सिरिंज भरून पुढे आला. आईनं दंड मागे घेतला आणि शेजारी बसलेल्या धाकटीकडे बघितलं.

"आधी बाटलीवरचं नाव वाचून दाखव," ती म्हणाली. "मला नाही. धाकटीला."